माळ्यावरची रजिस्टरे

नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटातून निघालेला दगडी करंडक आज मुंबईत आहे. फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून वर गेले की एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. सोपाऱ्याचा ठेवा त्यांच्याकडे आहे.

बुरूड राजा ही गावकऱ्यांची कथा. झाडोऱ्याने झाकलेल्या त्या टेकाडाखाली बुरूड जातीच्या कुणा राजाचा किल्ला गाडला गेला आहे, असे लोक सांगत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खोदले आणि आत स्तूप निघाला. मध्यभागी विटांच्या बांधकामात गोल दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती: सात पूर्वबुद्ध आणि येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कुणीतरी ते इतक्या निगुतीने जपले होते. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे.

ही सगळी चीजवस्तू ग्रंथालयात कशी गेली? त्या काळी सोसायटी एकाच वेळी ग्रंथालय, वस्तुसंग्रह आणि नियतकालिक होती. भगवानलालांचा सोपाऱ्यावरचा अहवाल तिच्याच नियतकालिकात छापून आला. म्हणून आज नालासोपाऱ्याच्या एखाद्या कॉलेजकुमाराला आपल्या गावाची दोन हजार वर्षे समजून घ्यायची असतील, तर सकाळची विरार लोकल पकडून चर्चगेटला उतरावे आणि चालत टाउन हॉल गाठावा. वस्तू आणि तिच्या शोधाची हकीकत, दोन्ही तिथल्याच.

वसई-विरारची गोष्ट ही अशी आहे. आपली आठवण आपल्याकडे कमी आणि दुसऱ्यांच्या ग्रंथालयांत जास्त. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या भातेला तलावाजवळ सापडला, आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. पोर्तुगीज अमलातल्या वसईचे कागद गोव्याच्या आणि लिस्बनच्या दप्तरखान्यांत. चिमाजी अप्पांच्या मोहिमेची पत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. त्या ग्रंथालयांनी आणि दप्तरखान्यांनी ते ठेवले नसते, तर आज एवढेही उरले नसते. मला वेगळाच प्रश्न पडतो. ज्या संस्थांनी आपली आठवण सांभाळली, त्या स्वतः कशा उभ्या राहिल्या, कुणी चालवल्या, कुणाला आत घेतले आणि कुणाला दाराबाहेर ठेवले, याची आठवण कोण सांभाळते?

एशियाटिक सोसायटीने ती बऱ्यापैकी सांभाळली आहे. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली, तेव्हा ती गोऱ्या साहेबांची बैठक होती. पहिला भारतीय सभासद, माणेकजी कर्सेटजी, आत आला १८४० साली. म्हणजे तब्बल ३६ वर्षे या शहरातला एकही भारतीय माणूस त्या कपाटांचा हक्कदार नव्हता. पुढे भाऊ दाजी, न्यायमूर्ती तेलंग, महामहोपाध्याय पां. वा. काणे अशी माणसे याच टेबलांवर बसून वाढली. तेलंग तर सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. दार किती वर्षे बंद होते आणि केव्हा किलकिले झाले, हे आज आपण वर्षासकट सांगू शकतो, कारण सभांची इतिवृत्ते आणि सभासदांच्या याद्या कुणी रद्दीत घातल्या नाहीत. ग्रंथालयाचा इतिहास म्हणजे पुस्तकांची संख्या आणि उद्घाटनाचे फोटो, असे समजणाऱ्यांनी या एका तारखेकडे जरा बघावे. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला ग्रंथांपेक्षा कधी कधी ग्रंथालयाचे दप्तर जास्त सांगते.

आता वसईच्या किल्ल्यात या. भुईदरवाज्यातून आत गेले की वेलींनी वेढलेल्या भिंती, छप्पर उडालेली चर्चे, आणि फ्रान्सिस्कन मठाच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा. शिळांवरची पोर्तुगीज अक्षरे अजून वाचता येतात. १५३४ ते १७३९ ही दोनशे वर्षे इथे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांचे मठ होते. जेझुइटांचे महाविद्यालय होते. शिकवणारे साधू आले म्हणजे पुस्तके आलीच.

मे १७३९ मध्ये किल्ला पडला. तहाप्रमाणे पोर्तुगीजांना चीजवस्तू घेऊन बाहेर पडण्याची मुभा मिळाली. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, या वसई मोहिमेच्या विजयखुणा म्हणून आजही दाखवल्या जातात. घंटेचा माग लावणे सोपे. ती जड असते, तिच्यावर साल कोरलेले असते आणि ती टांगली की लोकांच्या कानावर पडत राहते. पुस्तकाचा माग कसा लावायचा?

त्यालाही वाट आहे, पण ती ग्रंथालयांच्या इतिहासातूनच जाते. गोव्यात १८३२ मध्ये सरकारी सार्वजनिक ग्रंथालय निघाले. आजचे पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. पाठोपाठ १८३४-३५ मध्ये पोर्तुगालने धर्मपंथांचे मठ बरखास्त केले आणि मठांतली पुस्तके या ग्रंथालयाकडे वळली. वसई सोडून गेलेल्या साधूंची मुख्य घरे गोव्यात होती. तेव्हा १७३९ मध्ये इथून काही ग्रंथ गेले असतील, तर ते शोधायचे कुठे, याचा अंदाज बांधता येतो. अशा शोधात पुस्तकाचा मजकूर मागे पडतो. त्याचे पहिले पान पाहायचे, पुठ्ठ्याच्या आतली बाजू पाहायची, मालकीची सही, मठाचे नाव, जुना क्रमांक, खोडलेला शिक्का पाहायचा. जुन्या ग्रंथांचे जाणकार हेच करतात. पुस्तक कुठून कुठे फिरले, हे ते पुस्तकच सांगते. फक्त कुणी नवे बाइंडिंग करताना जुने पुठ्ठे फेकून दिलेले नसावेत.

पुस्तक किती सहज नाहीसे होते, याचे मराठीतले सगळ्यात बोचरे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचे. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. १६४९ मध्ये दुसऱ्यांदा, १६५४ मध्ये तिसऱ्यांदा. म्हणजे त्या काळाच्या मानाने खपाचे पुस्तक. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे, भाविक कुटुंबांनी त्या जपल्या म्हणून. अशा नकलांवरून जोसेफ साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळुरात आवृत्ती काढली. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले. ज्या संग्रहाची यादी नीट होती, तिथे तीनशे वर्षांनी माणूस गेला आणि त्याला पोथी सापडली. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठी इकडच्याच मराठीत रचलेले फ्रान्सिस्को वाझ दे गिमारांइश यांचे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. वसईच्या भाषेच्या अभ्यासकाला तेही मोठ्या ग्रंथालयांच्या याद्या चाळूनच गाठावे लागते.

तंजावरची तऱ्हा वेगळी. सरस्वती महाल ग्रंथालय आपल्या मराठी राजघराण्याचे, आणि सरफोजी दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात ते वाढवले. आपल्या पुस्तकांवर हा राजा सही करी. शिवाय संस्थानचे मोडी दप्तर टिकले. त्यामुळे राजाने काय विकत घेतले, काशीयात्रेतून काय आणले, नकला करणाऱ्यांना कसे नेमले, याचा अभ्यास करता येतो. पुस्तके आणि पुस्तकांची वहिवाट, दोन्ही जागेवर. असे भाग्य फार थोड्या ग्रंथालयांना मिळते.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचा वंश तसा जुना आहे. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींनी नेटिव्ह जनरल लायब्ररी काढली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा निघेपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण ठाणेच राहिले. तेव्हा इथल्या वाचनसंस्कृतीचे आजोळ शोधायचे तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे वळावे लागते.

हे ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि त्यामागे होते विनायक लक्ष्मण भावे. शिक्षण विज्ञानाचे, व्यवसाय मिठागरांचा. मिठागरांत आयुष्य घालवणाऱ्या या माणसाला ध्यास लागला तो छापलेले प्रत्येक मराठी पुस्तक एका छपराखाली आणण्याचा. त्या काळच्या लायब्रऱ्यांत इंग्रजी ग्रंथ कपाटात मिरवत आणि मराठी पुस्तके कोपऱ्यात पडत. भाव्यांनी मराठीलाच कपाट दिले. त्या संग्रहाच्या बळावर त्यांनी महाराष्ट्र सारस्वत लिहिले, मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास. आधी ग्रंथालय, मग इतिहास, हा क्रम लक्षात घ्या. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. १८६७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो. ती आज मिळतात ती अशा संस्थांनी वेळीच गोळा केली म्हणून. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तिच्यामागेही हीच ग्रंथालये उभी होती. संशोधकाच्या टेबलावर आजही दाते सूची लागते. कोणते पुस्तक कोणत्या साली, कुठे छापले, हा वाद तिथे मिटतो.

पण मुख्य मुद्दा या मोठ्या नावांचा नाही. तो आहे आपल्या गल्लीतल्या वाचनालयाचा, ज्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. वसई गाव, पापडी, आगाशी, निर्मळ, विरार, या पट्ट्यात गावकीची, देवळाच्या आवारातली, चर्चच्या पॅरिशची, शाळेची अशी किती तरी छोटी वाचनालये चालली. काही चालू आहेत, काहींचे कुलूप उरले आहे.

अशा एखाद्या वाचनालयात गेलात तर दर्शनी कपाटाकडे पाहू नका. जुने दाखल रजिस्टर मागा. वहीच्या पुठ्ठ्याला कापडी पाठ, आत आडव्या पानांवर हाताने आखलेले रकाने. दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकर्ता, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पाने, किंमत, कोठून मिळाले, आणि शेवटी शेरा. पहिल्या काही पानांवर अक्षर वळणदार, टाक दौतीत बुडवून लिहिलेले. मग एकदम अक्षर बदलते, म्हणजे चिटणीस बदलले. शाईची जागा बॉलपेन घेते. ‘कोठून मिळाले’ या रकान्यात दाता कळतो: कुणी वडिलांच्या स्मरणार्थ दिले, कुणी मुंबईला बिऱ्हाड हलवताना. शेऱ्याचा रकाना तर कादंबरीच. ‘जीर्ण’, ‘गहाळ’, ‘बाइंडिंगला’, ‘निर्लेखित’. एखाद्या पुस्तकासमोर तीनदा ‘नवी प्रत घेतली’ असे दिसले, की गावाने ते पुस्तक वाचून वाचून फाडले, हे समजायचे. साहित्याच्या इतिहासात त्या लेखकाला दोन ओळीही मिळालेल्या नसतील.

सोबत देवघेवीच्या वह्या, वर्गणीदारांच्या याद्या आणि कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते असली तर सोन्याहून पिवळे. कोणत्या साली पहिली बाई स्वतःच्या नावावर सभासद झाली? वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, ख्रिस्ती, दलित घरांतली नावे यादीत केव्हा येऊ लागली, आणि आली की टिकली का? महागाईच्या वर्षी वर्गणी थकली तेव्हा आधी काय बंद केले, इंग्रजी दैनिक की मुलांचे मासिक? चार भिंतींतली भांडणेसुद्धा इतिवृत्तात असतात, सभ्य भाषेत. ‘सविस्तर चर्चा झाली’ असे लिहिलेले असले की त्या दिवशी जोरदार जुंपली होती, असे खुशाल समजावे. दाखल रजिस्टर हा वाचनालयाचा सातबारा आहे. वसईत सातबाऱ्याची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पुस्तक गेले तर बहुधा दुसरीकडे मिळते. पुण्यात, मुंबईत, जुन्या बाजारात, निदान कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. रजिस्टर एकच असते. त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. आणि आवराआवरीत आधी जाते ते रजिस्टरच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आणि अनुदान मिळते. अनुदानासाठी तपासणी होते आणि तपासणीला चालू वह्या लागतात. तपासणी आटोपली की त्याआधीच्या वह्या माळ्यावर. इमारत पुनर्विकासाला निघाली की माळा रिकामा करायला सांगतात, आणि कपाटातली पुस्तके तात्पुरत्या जागेत हलवणारी मंडळीही माळ्यावरचा ढीग ‘काही कामाचा नाही’ म्हणून रद्दीवाल्याला देऊन मोकळी होतात. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ग्रंथपालाचा पगार किती आणि त्याच्यावर कामे किती, हे पाहिले तर त्याला बोल लावण्याची हिंमत होत नाही.

वसईत घाई जास्त आहे. २०११ च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, आणि त्यातले बहुसंख्य बाहेरून आलेले. त्यांच्यापुढे वसई म्हणजे स्टेशन, टँकर आणि लोकलची गर्दी. ज्या गावात हरित वसईची चळवळ झाली आणि ज्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष दिला, ते गाव काय वाचून घडले, हे या नव्या वसईकराला कोण सांगणार? दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. त्या मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले जिथे जिथे असतील, तिथे त्या दशकांतली वसई जवळजवळ महिनावार सापडेल. बांधून ठेवलेले असतील तर, एवढेच. नियतकालिकांचे नशीब पुस्तकांहून वाईट. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली; त्यानंतरच्या शंभर वर्षांत वाचनालयांनी दिवाळी अंक हौसेने फिरवले आणि पुढच्या दिवाळीआधी तितक्याच हौसेने किलोवर विकले. तुमच्या हातातल्या या अंकाचेही बहुधा तेच होईल, आणि संपादकांची माझ्या या वाक्याला हरकत नसावी.

हवामानही आपल्या बाजूचे नाही. समुद्राची दमट, खारी हवा, चार महिने पाऊस, भिंतींना ओल. ओलीमुळे बुरशी, बुरशीमागून कसर, आणि जमिनीतून वाळवी. त्यात कागदाची जात. १८५० च्या आसपासचा चिंध्यांपासून केलेला कागद अजून ताठ असतो, आणि पुढच्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून बोटाखाली मोडतो, कारण त्यातले आम्ल त्याला आतून खाते. म्हणजे आपली आजोबांच्या वेळची पुस्तके पणजोबांच्या पुस्तकांआधी मरणार. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे हा आपला आवडता उपाय. काही वर्षांत तो सुटून पडतो आणि पानावर तपकिरी डाग कायमचा ठेवतो. पातळ जपानी कागद आणि पिठाची साधी खळ केव्हाही बरी. कपाट भिंतीला चिकटवू नये, मागून हवा खेळू द्यावी. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला आपल्या आज्यांनी पोथ्यांत ठेवला, तो अगदीच वेडेपणा नव्हता, पण तेवढ्यावर भागत नाही.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, मिठागरांत माणसे अडकली. तळमजल्यावरच्या कपाटांचे अशा वेळी काय होते, हे वेगळे सांगायला नको. भिजलेले पुस्तक उन्हात टाकले की पाने आकसून विटेसारखा गठ्ठा होतो. थोडी पुस्तके भिजली असतील तर पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावीत. ढीगच भिजला असेल, तर दोन दिवसांत बुरशी धरण्याआधी तो गोठवून ठेवायचा आणि मग सवडीने थोडाथोडा वाळवायचा, अशी जगभरची रीत आहे. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत मासळीसाठी बर्फ आणि थंड खोल्यांची सवय असलेल्या किनाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. कोळीवाड्यातल्या कुणाचा फोन नंबर वाचनालयाच्या भिंतीवर लिहून ठेवला, तर जुलैत उपयोगी पडेल.

हे सगळे करायला फार पैसे लागतात असेही नाही. मोठ्या ग्रंथालयांच्या डिजिटायझेशनच्या गोष्टी निघाल्या की छोटी वाचनालये दबून जातात. एका वाचनालयाची जुनी रजिस्टरे किती असतील? दहा, बारा. चांगल्या मोबाइलने, खिडकीजवळच्या उजेडात, पान सपाट धरून, दोन विद्यार्थ्यांनी चार-पाच रविवार बसून ती टिपता येतील. वसईत वर्तक महाविद्यालय आहे, गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, विरारला विवा आहे. मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्प लागतो, आणि इंटरनेटवरून उतरवलेले चरित्र देण्याऐवजी एखाद्या गावच्या वाचनालयाच्या १९५० ते १९६० या दहा वर्षांच्या वह्या त्यांनी वाचल्या, तर मार्क देणाऱ्यालाही काहीतरी नवे कळेल. वर्गणीदारांच्या याद्यांत जिवंत माणसांची नावे असतात, कोण काय वाचत होते ते खासगी आहे. तेव्हा अलीकडच्या देवघेवीच्या वह्या सरसकट जगापुढे मांडू नयेत, एवढे तारतम्य हवे. टिपलेल्या फोटोंची एक प्रत वाचनालयात, एक महाविद्यालयात आणि एक ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत ठेवावी. म्हाताऱ्या चिटणिसांशी आणि निवृत्त ग्रंथपालांशी बोलून घ्यावे, कारण शेऱ्याच्या रकान्यातला ‘गहाळ’ नेमका कुणाच्या घरी आहे, हे त्यांना अजून आठवते.